पहिला नंबर कोणाच्या शहराचा?

ऑगस्ट २०१८ मध्ये एकाच आठवड्यात शहरांच्या दोन याद्या वर्तमानपत्रांत झळकल्या. पहिली केंद्रीय गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाची, ‘ईज ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकाची. तिच्यात देशातल्या १११ शहरांमध्ये पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आणि दिल्ली ६५वी होती. दुसरी यादी लंडनच्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची, जगातल्या १४० शहरांची. तिच्यात व्हिएन्ना पहिले आले, दिल्ली ११२वी आणि मुंबई ११७वी. दिल्लीकराने नि मुंबईकराने या दोन याद्या शेजारी ठेवल्या असत्या, तर एकीने मुंबईला दिल्लीच्या कितीतरी वर बसवले आणि दुसरीने खाली, हे त्यांच्या लगेच लक्षात आले असते. त्याच वर्षीच्या मर्सर कंपनीच्या यादीत पुणे आणि हैदराबाद जगात १४२वे होते, मुंबई १५४वी, दिल्ली १६२वी.

आणखी एक उदाहरण. बेंगळुरूच्या ‘जनाग्रह’ या संस्थेने २०१७ च्या पाहणीत २३ भारतीय शहरांचे कायदे, नियोजन, महापालिकांचे अधिकार आणि कारभारातला खुलेपणा तपासला. पुणे पहिले आले, तेही १० पैकी अवघे ५.१ गुण मिळवून. बेंगळुरू ३.० गुणांसह तळाला होते. मार्च २०२१ मध्ये ‘ईज ऑफ लिव्हिंग’ची पुढची आवृत्ती आली आणि तिच्यात दहा लाखांवरच्या शहरांत तेच बेंगळुरू पहिले होते, पुणे दुसरे.

यातली कोणतीही यादी खोटी नाही. प्रत्येकीने वेगळा प्रश्न विचारला आहे आणि तो बातमीच्या मथळ्यात येत नाही, एवढेच. क्रमांक मात्र येतो, त्याचे फलक लागतात, त्यावरून सभागृहात भाषणे होतात. म्हणून या याद्या बनतात कशा, कोणासाठी बनतात आणि त्यांतून आपल्या हाती काय लागते, हे एकदा नीट पाहायला हवे.

शहरांना गुण देण्याची हौस जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक हा प्राण्यांच्या शिकण्यावरील प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्याने १९३९ मध्ये ‘युअर सिटी’ हे पुस्तक लिहिले. ३१० अमेरिकन शहरे आणि ३७ निकष घेऊन त्याने प्रत्येक शहराचा ‘चांगुलपणा’ एका आकड्यात बसवला. बालमृत्यूचे प्रमाण आणि शाळांवरचा खर्च हे निकष त्यात होते, तसाच ठरावीक मासिकांचा खपही होता. कॅलिफोर्नियातले पासाडेना पहिले आले. मासिकांचा खप हा चांगल्या शहराचा पुरावा मानणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणते घर होते, हे ओळखायला फार अभ्यास लागत नाही. पुढच्या सगळ्या याद्यांची गोष्ट इथेच सुरू होते. निकष निवडताना माणूस निवडला जातो.

या क्षेत्रातला सर्वांत बोलका प्रयोग १९८० च्या दशकातला आहे. नकाशांसाठी प्रसिद्ध असलेल्या रँड मॅकनॅली कंपनीने १९८५ मध्ये ‘प्लेसेस रेटेड अल्मनॅक’ या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. ३२९ अमेरिकन महानगरे आणि नऊ कसोट्या: हवामान, घरांचा खर्च, आरोग्य आणि पर्यावरण, गुन्हे, वाहतूक, शिक्षण, कला, करमणूक, अर्थव्यवस्था. पोलाद कारखाने बंद पडत असलेले पिट्सबर्ग पहिले आले आणि देशभर आश्चर्य व्यक्त झाले. कॅलिफोर्नियातले युबा सिटी शेवटचे आले. तिथल्या चिडलेल्या लोकांनी कंपनीचे नकाशेच जाळले.

मग बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या संख्याशास्त्रज्ञांनी ही सगळी आकडेवारी घेतली आणि एक साधा प्रश्न विचारला. आकडे तेच ठेवून फक्त कसोट्यांचे भारांक बदलले तर काय होईल? कोणाला हवामान महत्त्वाचे वाटेल, कोणाला घरभाडे, कोणाला शाळा. १९८७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उत्तर असे आले की योग्य भारांक निवडले तर ३२९ पैकी १३४ शहरे पहिली येऊ शकतात, १५० शहरे शेवटची येऊ शकतात, आणि ५९ शहरे अशी आहेत की ती पहिलीही येऊ शकतात आणि शेवटचीही.

त्या ५९ शहरांवर मी थोडा वेळ थांबतो, कारण पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया तिथे आहे. तिथे कोणी आकडे फिरवले नव्हते, मोजमापात चूक नव्हती. तेच रस्ते, तीच रुग्णालये, तोच पाऊस. फक्त कशाला किती महत्त्व द्यायचे, हे बदलले. हा निर्णय संख्याशास्त्र देऊ शकत नाही. तो घ्यावा लागतो आणि जो घेतो त्याच्या आयुष्याची छाप त्यावर पडते.

इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीतले भारांक कोणाच्या आयुष्यातून आले, हे ती संस्था लपवत नाही. स्थैर्याला २५ टक्के, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, आरोग्यसेवेला २०, पायाभूत सुविधांना २०, शिक्षणाला १०. परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याला किती ‘खडतर भत्ता’ द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावे, हा या गुणांचा एक मूळ उपयोग. शहराला ८० च्या वर गुण असतील तर भत्त्याची गरज नाही. ५० किंवा त्याहून कमी असतील तर पगाराच्या २० टक्के द्यावेत, असा त्यांचा सल्ला होता. मर्सरची यादीही याच कामाची. तिथे न्यूयॉर्कला १०० धरून बाकीची शहरे मोजली जातात.

हे कळले की आतले निकष उलगडतात. आरोग्यात खासगी सेवेची उपलब्धता आणि तिचा दर्जा हे दोन वेगळे निकष. शिक्षणात खासगी शाळांची उपलब्धता आणि त्यांचा दर्जा हे दोन वेगळे निकष, सार्वजनिक शिक्षणाला एक. उष्णता आणि दमटपणा हाही निकष आहे, म्हणजे मुंबई समुद्राकाठी आहे यासाठीही तिचे गुण जातात. आंतरराष्ट्रीय विमानसेवा कशी आहे, हे विचारले जाते. काम मिळते का, हे विचारले जात नाही. घर परवडते का, हेही नाही. महागाईची पाहणी ही संस्था वेगळी करते. ज्याची नोकरी ठरलेली आहे आणि ज्याचे घरभाडे कंपनी भरणार आहे, त्याच्यासाठी हे अगदी रास्त आहे. पण लातूरहून किंवा बीडहून पुण्यात येणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न काम मिळेल का हाच असतो, आणि दुसरा खोलीचे भाडे किती. त्याचे दोन्ही प्रश्न जगातल्या सर्वांत प्रसिद्ध यादीत नाहीत.

मोजमापाचा बारकावाही तपासून घ्यायला हवा. व्हँकुव्हर २०११ मध्ये या यादीतल्या पहिल्या जागेवरून खाली आले, तेव्हा मलाहाट महामार्ग अधूनमधून बंद राहिल्याचे कारण दिले गेले. हा महामार्ग व्हँकुव्हर शहरात नाही. तो व्हँकुव्हर नावाच्या बेटावर आहे आणि शहरातून तिथे जायला फेरीबोट पकडावी लागते. वरच्या क्रमांकांमधले अंतरही फार सूक्ष्म असते. २०१८ मध्ये व्हिएन्नाला ९९.१ आणि मेलबर्नला ९८.४ गुण होते, म्हणजे सात वर्षे पहिले असलेले मेलबर्न ०.७ गुणांनी ‘हरले’. २०२५ मध्ये कोपनहेगन ९८.० गुणांनी पहिले आले. पहिल्या दहातल्या शहरांमध्ये राहणाऱ्याला हा फरक कधी जाणवेल, असे मला वाटत नाही. शिवाय यादीच लांबते. १४० शहरांची यादी पुढे १७३ शहरांची झाली. अशा वेळी एखादे शहर वीस पायऱ्या घसरल्याची बातमी वाचताना वर कोणती नवी शहरे आली, हे आधी पाहावे.

आता आपल्याकडचे भारांक. २०१८ च्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’मध्ये १५ विभाग आणि ७८ निकष होते. भौतिक सुविधांना ४५ टक्के, कारभाराला २५, सामाजिक बाबींना २५ आणि अर्थव्यवस्थेला फक्त ५. पुढच्या आवृत्तीत रचना बदलली. जीवनमानाला ३५, आर्थिक क्षमतेला १५, शाश्वततेला २० आणि नागरिकांच्या मताला तब्बल ३०. त्या मतपाहणीत ३२ लाखांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. अर्थव्यवस्थेचे वजन तिप्पट झाले, लोकांचे मत आत आले आणि बेंगळुरू ६६.७० गुणांनी पहिले, पुणे ६६.२७ गुणांनी दुसरे झाले. या अडीच वर्षांत पुण्यात काही बिघडले म्हणून ते खाली आले, असा अर्थ यातून काढता येत नाही. मोजपट्टी वेगळी होती. लोकांचे मत आत आणणे ही मात्र चांगली सुधारणा होती आणि ती टिकायला हवी.

भारांकांपेक्षा कमी चर्चेत असलेला दोष सरासरीचा आहे. समजा एका शहराला रस्त्यांचे ९० आणि पाण्याचे १० गुण आहेत. साधी सरासरी ५०, म्हणजे मध्यम शहर. पण चांगल्या रस्त्याने पाण्याची तहान भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात हीच अडचण होती आणि २०१० मध्ये त्यांनी पद्धत बदलली. आता तिथे गुणांची बेरीज करून भागत नाहीत, गुणाकार करून मूळ काढतात. वरच्या उदाहरणात ९० गुणिले १० म्हणजे ९००, त्याचे वर्गमूळ ३०. एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या भरभराटीखाली झाकली जात नाही. शहरांच्या बहुतेक याद्या अजून बेरजेवरच आहेत.

दुसरी सरासरी भूगोलाची. शहर म्हणजे कुठपर्यंत? पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेले आणि क्षेत्रफळाने ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. हद्द कागदावर एका दिवसात वाढते, जलवाहिनी आणि मैलावाहिनी वाढायला दशक जाते. समाविष्ट गावांतल्या सोसायट्या टँकरवर जगतात, हे पुण्यात कोणालाही विचारा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. पुणे परिसरातल्या रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही जण दगावले. दूषित पाण्याकडे आणि त्यातल्या जिवाणूंकडे बोट दाखवले गेले. हे भाग खडकवासला धरणापासून हाकेच्या अंतरावर आहेत. देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या शहरात हे घडले, आणि शहराच्या सरासरीत नांदेड गावाचे पाणी कुठेच दिसले नसते.

मुंबईचे तर अख्खे गणितच इथे अडते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतली सुमारे ४१ टक्के कुटुंबे झोपडपट्टीत राहत होती. मुंबईचा २००९ चा स्वतंत्र मानव विकास अहवाल निघाला आणि त्यात तेव्हाच्या २४ विभागांची तुलना होती. गोवंडी, मानखुर्द, देवनारचा एम-पूर्व विभाग सर्वांत खाली होता. १९२७ पासून मुंबईचा कचरा जिथे जात आला ते देवनारचे डम्पिंग ग्राउंड याच विभागात. शहराच्या स्वच्छतेचे गुण जेव्हा वाढतात, तेव्हा तो कचरा कोणाच्या दारात गेला, याचा हिशेब शहराच्या एका आकड्यात राहत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. परदेशी पाहणीत ‘सार्वजनिक वाहतुकीचा दर्जा’ या एका ओळीत ती सगळी मावतात.

याचा अर्थ वरच्या क्रमांकाची शहरे उगाच वर आहेत, असा नाही. व्हिएन्नाचेच पाहा. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी शहरात आणणारी पहिली वाहिनी १८७३ ची, दुसरी १९१० ची. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ ते १९३४ या काळात तिथल्या समाजवादी महापालिकेने कर लावून कामगारांसाठी घरे बांधली. १९३० मध्ये उघडलेल्या कार्ल मार्क्स होफ या एकाच वसाहतीत १,३८२ सदनिका होत्या. आज महापालिकेच्या मालकीच्या सुमारे २,२०,००० सदनिका आहेत आणि निम्म्याच्या आसपास व्हिएन्नाकर महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. २०१२ पासून बरीच वर्षे बस, ट्राम आणि मेट्रोचा वर्षभराचा पास ३६५ युरोला, म्हणजे दिवसाला एक युरो या दराने मिळत होता. यादी आजच्या व्हिएन्नाला गुण देते, पण ते कमावले शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी.

आणि इथे मुंबईची आठवण होतेच. आपल्याकडेही १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले, १८९२ मध्ये तानसाचे. १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. व्हिएन्ना कामगारांची घरे बांधत होते त्याच १९२० च्या दशकात मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभारल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सार्वजनिक पैशातून घरे बांधण्याची सुरुवात दोन्ही शहरांत साधारण एकाच काळात झाली. व्हिएन्नाने ते काम पुढे नेले आणि घरांचा आकार व दर्जा वाढवत नेला. आपण ते तितक्या नेटाने पुढे नेले नाही आणि शंभर वर्षांनी त्याच चाळींचा पुनर्विकास करत आहोत. यादीतल्या शंभर पायऱ्यांच्या अंतराचे कारण मला हवामानापेक्षा यात जास्त सापडते.

अर्थशास्त्रज्ञांनी तज्ज्ञांचे गुण बाजूला ठेवून दुसरी वाट शोधली. शेर्विन रोझेन यांनी १९७९ मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये मांडले की लोक एखाद्या शहरासाठी किती जास्त भाडे आणि किती कमी पगार सोसतात, यावरून त्या शहराची किंमत काढता येते. कल्पना सुंदर आहे. पण तिच्यात माणूस मोकळेपणाने शहर निवडतो, असे गृहीत धरलेले आहे. दुष्काळाने गाव सोडलेल्या कुटुंबाला ती लागू पडत नाही.

क्रमवारीने काहीच साधत नाही, असेही मी म्हणणार नाही. ‘स्वच्छ सर्वेक्षण’ २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झाले. २०१७ पासून इंदूर सतत पहिले येत राहिले, त्यामागे घरोघरी वर्गीकृत कचरा उचलण्याची खरी मेहनत आहे. २०२३ च्या सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत सासवड पहिले आणि लोणावळा तिसरे आले. स्पर्धेने लहान गावांच्या नगरपालिकांना कामाला लावले, हे मान्य करायला हवे. एकच गोष्ट मोजली, निकष आधी सांगितले आणि ती गोष्ट महापालिकेच्या हातातली असली, की क्रमवारी उपयोगी पडते. धोका दुसरीकडे आहे. क्रमांकाला प्रतिष्ठा चिकटली की आकड्यांवर दबाव येतो. देशांच्या क्रमवारीत हे उघड झाले. जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे सप्टेंबर २०२१ मध्ये कायमचा बंद करावा लागला.

आणखी एक मोठी गोष्ट प्रसिद्ध जागतिक याद्यांना दिसतच नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होईपर्यंत दोन्ही शहरे प्रशासकाच्या हाती होती. नागरिकाने तक्रार घेऊन जायचे दार जवळजवळ चार वर्षे बंद होते. इकॉनॉमिस्टच्या यादीत भ्रष्टाचार आणि सेन्सॉरशिप हे निकष आहेत, पण शहराला निवडून दिलेले सभागृह आहे का, हा निकष नाही. माझ्या दृष्टीने जगण्याच्या दर्जात तो पाण्याच्या खालोखाल येतो.

मग तुलना करायची कशी? शहराची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी करावी आणि शहरातल्या एका प्रभागाची दुसऱ्याशी. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ बरीच वर्षे महापालिकेच्याच नोंदींतून विभागवार तक्रारी, आरोग्य आणि शिक्षणाचे आकडे काढते. असे काम पुण्यात, नाशकात, नागपुरात, संभाजीनगरात नियमित व्हायला हवे आणि ते महापालिकांनी स्वतः करायला हवे. महाराष्ट्रातल्या महापालिकांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. त्याच अहवालात प्रत्येक प्रभागासाठी पाच आकडे सक्तीचे करता येतील: रोज किती तास आणि किती पाणी, पाण्याचे किती नमुने नापास, पायी चालता येईल अशा पदपथांची लांबी, महापालिकेच्या दवाखान्यापर्यंतचे अंतर, बससाठी सरासरी किती वेळ थांबावे लागते. यातला एकही आकडा मिळवायला परदेशी सल्लागार लागत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. हे आकडे त्याच अर्जासोबत छापले, तर कोणत्या कामाला आधी पैसा द्यायचा, हे लोकांनाच ठरवता येईल. भारांक ठरवण्याचा अधिकार मुळात त्यांचाच आहे.

तुमच्या प्रभागात नवे नगरसेवक निवडून आले आहेत. पुढच्या वेळी ते शहराच्या क्रमांकाचा फलक लावतील, तेव्हा त्यांना आपल्या प्रभागातल्या पाण्याच्या नापास नमुन्यांची संख्या लेखी विचारा. उत्तर आले नाही, तर क्षेत्रीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा.